कोड दोन आणि अजरा आंटीचं टेबल

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. दोनदा लिहून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा आई मागे येऊन उभी राहिली, तिने वाचलं आणि म्हणाली, "गार्गी, घरातलं घरात राहू दे ना गं." आई म्हणजे विभावरी, मंडळाच्या ग्रुपवर दर शुक्रवारी 'आपल्यातलं माणूस' टाकते ती. यावेळी लिहायला तिनेच सांगितलं होतं, पण तिला वाटलं मी फक्त कौतुक लिहीन. मी कौतुकच लिहितेय. पण त्यात मधेच मी येते आणि मी काही चांगली दिसत नाही, त्याला काय करणार. थांबले तर परत खोडेन म्हणून एका दमात लिहून टाकते.

तर अजरा आंटी. आम्ही आखातात राहतो, आणि इथे शहराच्या जुन्या भागात, नजमात, एक पंपांचं दुकान आहे, बाहेर पाइप आणि नळ टांगलेले, आत अंधार, आणि अगदी मागे एक टेबल. त्या टेबलावर ती बसते. ती पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करते. कंट्रोलर म्हणजे पंपावर बसवलेला तो छोटा डबा. आपण नळ उघडला की तो पंप चालू करतो, बंद केला की थांबवतो, आणि टाकीत पाणीच नसेल तर पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून स्वतःच सगळं बंद करून लाल लाइट लावतो. आपल्या सगळ्यांच्या घरी असतो आणि आपण त्याच्याकडे कधी बघत नाही. इथल्या उन्हात ते डबे भाजून निघतात. आत पाल शिरते, मुंग्या शिरतात, दमटपणाने तारा हिरव्या पडतात. बाकीचे लोक म्हणतात फेका, नवीन घ्या. अजरा आंटी म्हणते, "ठेवा इथे, बघते."

माझे बाबा, संजीव, अल गराफाच्या एका कंपाउंडचं मेंटेनन्स बघतात, छत्तीस व्हिला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांचे नऊ डबे एकदम गेले होते आणि त्यातले आठ तिने परत चालू करून दिले. तेव्हापासून बाबा खुळेच झालेत. घरी पाहुणे आले की भजी यायच्या आत ही नऊ डब्यांची गोष्ट येते. "आयटीआय केलेली बाई आहे, रत्नागिरीची. आमच्या ऑफिसात डिग्रीवाले सहा बसलेत, एकाला जमत नाही!"

आणि मी तिथेच बसलेली असते हो. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला.

लहान होते तेव्हा बाबा मला पंपरूममध्ये न्यायचे. मी मीटरवरचे आकडे वाचायचे आणि ते लिहून घ्यायचे, आणि त्या ढणढण आवाजात ओरडून बोलावं लागायचं म्हणून मला ते फार आवडायचं. मग कधीतरी ते बंद झालं. कधी झालं तेही आठवत नाही. मी इलेक्ट्रिकल का घेतलं असं कुणी विचारलं तर मी काहीतरी स्कोपबिप सांगते. खरं कारण ते आहे.

या उन्हाळ्यात कॉलेजला सहा आठवड्यांची इंटर्नशिप हवी होती. मला वाटलं बाबा म्हणतील चल माझ्याबरोबर. बाबा म्हणाले, "अजराताईंकडे बस. माझ्याकडे फाइली बघशील, तिच्याकडे शिकशील."

मी इतकी चिडले की दोन दिवस जेवताना मोबाइल बघत बसले.

पण गेले. आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की बाई खरंच भारी आहे, आणि त्यामुळे तर मी जास्तच जळले. ती कधीच आधी डबा उघडत नाही. आधी वायर लावून बघते लाइट कुठला लागतो, स्क्रीनवर आकडा काय येतो. मग माणसाला बसवते, चहा देते आणि विचारते, पाणी शेवटचं कधी आलं होतं, आवाज कसा येत होता, हात कुणी कुणी लावला. हे शेवटचं ती इतकं सहज विचारते की लोक सगळं सांगून टाकतात. "माझ्या भावाने स्क्रू ड्रायव्हर घातला होता," असं सुद्धा. मग डब्यावर मास्किंग टेपची पट्टी लावून त्यावर ते सगळं मराठीत लिहिते, कारण दुकानात दुसऱ्या कुणाला मराठी वाचता येत नाही. 'लाल. दोन. मंगळवार. भावाने उचकटला.' कोड दोन म्हणजे टाकीत पाणी नाही. कोड चार म्हणजे पंप अडकलाय. आणि लाल लाइट आहे पण आकडाच नाही, तर मग डब्याचं स्वतःचंच डोकं गेलंय, आणि तो आधी दुरुस्त केलेला असेल तर ती दुरुस्ती कच्ची.

"आणि रीसेटला आधी हात लावायचा नाय हां पोरी," तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं. "हे स्वस्तातले डबे. रीसेट दाबलास की मेला सगळा विसरून जातो. मग त्याला काय झालं होतं ते कुणाला विचारशील?"

एकदा दुपारी काम नव्हतं तेव्हा मी विचारलं, तुम्ही यात कशा आलात. तर हसली. तिच्या गावी विहिरीवर मोटार होती. एप्रिलमध्ये पाणी खाली जायचं आणि मोटार कोरडी फिरायची. तेव्हा असा डबा कुठला. मग आठ वर्षांच्या अजराला विहिरीपाशी बसवायचे. कान पाइपाला, हात स्टार्टरवर. पाइपातला आवाज पोकळ झाला की लगेच बंद करायचं.

"तेव्हा मीच कंट्रोलर होते गो," ती म्हणाली. "एकदा करवंदं तोडायला गेले. मोटार जळली. दीड महिना आई खालच्या पाड्यावरनं पाणी आणायची, आणि मला एक शब्द बोलली नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं."

तिचा नवरा दिलावर अंकल लांब अल रुवैसच्या बंदरावर बोटींची इंजिनं बघतो, गुरुवारी घरी येतो. तो एकदा दुकानात मासे द्यायला आला तर मला म्हणाला, "सांभाळून राहा. आमची बेगम माणसापेक्षा मोटारीचं जास्त ऐकते." ती म्हणाली, "मोटार खोटं बोलत नाय ना." असं त्यांचं चालतं.

मला ती आवडायला लागली होती, हे मी मान्य करते. पण रोज घरी गेलं की बाबांचा पहिला प्रश्न, "आज अजराताईंनी काय पकडलं?" मी काय केलं हे नाहीच. एक दिवस एका डब्यात जळलेली पाल मी शोधली होती, मी, एकटीने. सांगितलं तर बाबा म्हणाले, "वा, बघ कशी नजर तयार केली तिने तुझी."

जूनमध्ये बाबा चार दिवस नाशिकला जाऊन आले. बॅगेतून काय काढलं? डोक्याला लावायचं भिंग, लाइटवालं, बारीक कामासाठी. दोन दुकानं फिरून आणलं म्हणे. फुटू नये म्हणून माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं.

"हे अजराताईंना दे उद्या."

"आणि मला?"

"तुला चिवडा आणलाय की! तुझा आवडता!"

मला नाही आवडत तो चिवडा. तो आईला आवडतो.

आता ते सांगते.

चौथ्या आठवड्यात कंपाउंडच्या एकोणीस नंबरच्या व्हिलातून तक्रार आली, पाणी मधेच जातं, दुपारी, लाल लाइट लागतो. तिसरी तक्रार. आणि तो डबा अजरा आंटीने दुरुस्त केलेला होता. कंपाउंडचे मॅनेजर इकबालभाई, महाडचे, चांगला माणूस पण घाईचा. ते बाबांना म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या बाईंचं काम कच्चं निघालं. आपण सगळेच डबे नवीन घेऊन टाकू, यल्ला, चला, खलास." दुकानाच्या मालकापर्यंतही ते गेलं. मालकाला बाईने टेबलावर बसणं आधीपासून फारसं पटत नव्हतं. कंपाउंडचं काम येतं म्हणून ते गप्प होते. त्यांनी सरळ सांगितलं, हा डबा खराब निघाला तर तिने पुढे काउंटरवर बसायचं, वॉशर आणि टेप विकायला. टेबल बंद.

बाबा म्हणाले, "शुक्रवारी अजराताईंना इथेच बोलावू. समोरासमोर बघू."

आम्ही त्याच कंपाउंडच्या स्टाफ-बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. शुक्रवारी जेवणं झाली, दिलावर अंकलची गाडी नजमाहून निघाली असा मेसेज आला आणि बाबा खाली इकबालभाईंशी बोलत उभे होते. मी एकोणीस नंबरच्या मागे गेले. एकटी. मला ना, ती यायच्या आत शोधून काढायचं होतं. एवढंच होतं डोक्यात, शपथ. पंपाच्या खोलीचं दार उघडं, आत भट्टी, आणि डब्यावर लाल लाइट. आणि स्क्रीनवर स्वच्छ, हिरवा, दोन.

कोड दोन. टाकीत पाणी नाही. म्हणजे डबा खराब नव्हताच, तो आपलं काम करत होता, पंप वाचवत होता. मला कळलं, लगेच कळलं. आणि मी काय केलं, तर रीसेट दाबलं. का? कारण पंप चालू झाला की मी पळत जाऊन सांगणार होते ना, बाबा मी चालू केला. आणि तो झालाही, कारण तोपर्यंत टाकीत परत पाणी आलं होतं. वर व्हिलात नळ सुरू झाला, कुणीतरी "आया पानी!" ओरडलं, आणि मी धावत गेले.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इकबालभाईंना म्हणाले, "माझी मुलगी." एवढंच म्हणाले ते. किती वर्षांनी.

पाच मिनिटांत अजरा आंटी आली. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात टेपचं रीळ, आणि बाबांनी दिलेलं ते भिंग पर्समधून डोकावत होतं. तिने चालू पंप बघितला, टाकीचं झाकण उघडलं. टाकी अर्धी होती.

"पाणी तर आहे," इकबालभाई म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "लाल होता ना गो? आकडा काय होता?"

मी बाबांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होते. त्यांना जसं बघताना मी दोन वर्षं बघतेय तसंच, की आता ही काहीतरी भारी पकडणार.

मी म्हणाले, "आकडा नव्हता. नुसता लाल."

"नीट बघितलंस?"

"हो. नव्हता आकडा."

म्हणजे डब्याचं डोकं गेलं. म्हणजे तिची दुरुस्ती कच्ची. हे मला तिनेच शिकवलं होतं.

तिने टेप फाडून डब्यावर लावली, लिहिलं, 'लाल. शुक्रवार.' आकड्याच्या जागी रेघ मारली आणि डबा काढून घेऊन गेली. बाबा परत येताना लिफ्टच्या आरशात बघून म्हणाले, "मला वाटलं होतं तिच्याकडून चूक होणार नाही. होतं असं."

रविवारी ती काउंटरवर होती. मागच्या टेबलावर पाइपांची बंडलं ठेवलेली.

आणि आता सगळं मला हवं होतं तसं झालं होतं ना? जेवताना बाबा तिचं नाव काढत नव्हते. पण माझंही काढत नव्हते. ते टीव्ही बघत पोळी खायचे आणि उठायचे. मी दुकानात जायचे तर आंटी गिऱ्हाइकाला वॉशर मोजून द्यायची, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून तो एकोणीस नंबरचा डबा काढायची. उघडायची. भिंग लावायची. सोल्डरचा एकेक टाका बघायची. मिटायची. परत उघडायची. मी मोजलं नाही पण रोज, रोज. एक दिवस झाकणाचे स्क्रू लावताना तिच्या हातून एक सुटला, तो घरंगळला आणि तिला कळलंच नाही. तिला! जिच्या हातून मी स्क्रू पडलेला कधी पाहिला नव्हता.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी दुपारी बाराला दुकान रिकामं होतं. ती म्हणाली, माझ्याशी नाही, डब्याशीच, "माझी नजर गेली वाटतं आता." आणि भिंग काढून खोक्यात ठेवलं.

मी म्हणाले, "आंटी, कोड दोन होता."

तिला आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, रडत रडत. मला वाटत होतं ती जवळ घेईल. हो, मला असंच वाटत होतं, मूर्ख मी.

ती उभी राहिली. "अकरा दिवस गो!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा माणूस डोकावला. "अकरा दिवस मी माझ्याच हाताला शिव्या देतेय! दिलावर बोलला, नसेल तुझी चूक. मी त्याला बोलले, पोर खोटं कशाला सांगेल? माझी बाजू घ्यायला पाहिजे होतीस असं नाय म्हणत मी. दोन म्हणायचं होतं. एक आकडा!"

"सॉरी आंटी."

"मला नको सॉरी. जा, बापाला सांग. त्या इकबालला सांग. आणि आज परत येऊ नको माझ्यासमोर."

घरी जाऊन बाबांना सांगितलं. आई मधे पडायला लागली, लहान आहे ती, घाबरली असेल. बाबा आईला म्हणाले, "वीस वर्षांची आहे." मला म्हणाले, "आधी कुणाला सांगितलंस? तिला की मला?"

"तिला."

"चप्पल घाल."

दुपारचे दोन, बाहेर उभं राहवत नव्हतं. एकोणीस नंबरची टाकी उघडली. तळ दिसत होता. तिथे तात्पुरता लावलेला नवाकोरा डबा सुद्धा लाल लाइट लावून बसला होता, आकडा दोन. पाणी आलं की तो आपोआप चालू व्हायचा, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टाकीत पाणी घेणारा नळ क्षाराने इतका जाम झाला होता की त्यातून नुसती बारीक धार येत होती. लोक दुपारी अंघोळी करायचे, टाकी संपायची, मग हळूहळू अर्धी भरायची. बाबांनी इकबालभाईंना फोन करून खाली बोलावलं आणि मला म्हणाले, "सांग." मी सांगितलं. इकबालभाईंनी वाकून टाकीत बघितलं. म्हणाले, "बेटा, मी पण त्या दिवशी अर्धी टाकी बघून गप्प बसलो. विचारायला पाहिजे होतं, अर्धीच का."

मग चारला दुकान उघडल्यावर बाबा नजमाला गेले, मला घेऊन. मी गाडीतून उतरायला तयार नव्हते तर दार उघडून उभे राहिले.

"अजराताई, माझ्या पोरीमुळे तुम्हाला..."

"पोरीमुळे नाय, साहेब." तिने वॉशरचा डबा बाजूला केला. "पोर जळली, पोर खोटं बोलली. तुम्ही तर जळत नव्हता ना? दोन वर्षं माझं काम बघताय. तुम्ही का नाय बोललात, की अजरा, परत एकदा टाकी बघूया?"

बाबा मान खाली घालून उभे राहिले. मी बाबांना असं कधी पाहिलं नाही. आणि सांगू का, तेव्हाही, त्या क्षणीही मला आत कुठेतरी टोचलं, की बाबा हिचं ऐकून एवढे खाली बघतात, माझ्यावर रागावले तेव्हाही एवढे हलले नाहीत. गेलेलं नाहीये ते. जाईल तेव्हा जाईल.

तिने माझ्या फॉर्मवर सही केली. सहा आठवडे पूर्ण, हजेरी बरोबर. शेऱ्याची जागा रिकामी ठेवली. मी रोज जाते अजून, इंटर्नशिप संपली तरी. ती मला स्क्रू निवडायला बसवते, चहा देत नाही. बोलते फक्त कामाचं.

पण टेबलाचं असं झालंय की पाइपांची बंडलं निघाली, टेबल तिचं तिला मिळालं, पण मधल्या काळात इकबालभाईंनी कंपाउंडच्या सगळ्या डब्यांचा करार दुसऱ्या कंपनीशी करून टाकला आणि तो आता वर्षभर मोडता येत नाही. बाबांनी प्रयत्न केला, खरंच केला. मालक म्हणाले, बाईंची चूक नव्हती, कबूल, पण काम आलं नाही तर टेबल ठेवून काय करू, महिनाअखेरपर्यंत बघतो. सकाळपासून ती त्या टेबलावर बसते, समोर एकही डबा नसतो, आणि ती हत्यारं पुसत राहते.

म्हणून हे लिहिलं. आई, सॉरी, पण हे घरातलं नाहीये.

तुम्ही अल गराफात असा, नजमात असा, कुठेही. तुमच्या जिन्याखाली, गच्चीवर, स्टोअरमध्ये एखादा बंद पडलेला डबा असणारच, फेकायचा म्हणून ठेवलेला. तो घ्या आणि तिच्याकडे जा. शुक्रवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सकाळी आठ ते एक आणि चार ते आठ. पत्ता आई खाली टाकेल, नाही टाकला तर मला मेसेज करा. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे जागा मिळत नाही. तिच्याशी मराठीत बोला, तिला बरं वाटतं. मी तिथे स्क्रू निवडत बसलेली दिसले आणि तुम्हाला माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं तर नका बोलू, चालेल. महिना संपायला तेरा दिवस आहेत. या आठवड्यातच जा, भेटा तिला.